पाणी सोडणारी होडी

चाचांनी माझ्याविषयी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या नवऱ्याला.

"हिचं वजन किती रे?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, चहाचा थर्मास घेऊन, नकाबाआड. नवरा गोंधळला. "चाचा, असं काय विचारता?"

"अरे, वय नाय विचारत मी. वजन विचारतोय. कोण चढलं तर होडी पाण्यात किती बसेल, ते कळायला नको?"

त्या होडीत कोणी चढणार नव्हतं. फार तर एखादं मांजर बसलं असतं. पण चाचा सगळ्यांना वजन विचारायचे. कफीलला, म्हणजे आमच्या सौदी मालकाला विचारलं होतं, दुधाच्या गाडीवाल्याला विचारलं होतं, इकाम्याचे, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचे कागद बघायला आलेल्या माणसालाही विचारलं होतं. शेडच्या दाराशी मासळीवाल्याकडून आणलेला तराजू टांगलेला असायचा. प्रत्येक फळी, प्रत्येक खिळा त्यात घालून मगच आत जायचा. मी पहिल्यांदा चहा दिला तेव्हा थर्माससुद्धा तोलून बघितला. म्हणाले, "रिकामा जड हाय. तिला सांग, पितळेचा आणू नको."

तो स्टीलचा होता. पण मी तेव्हा कोणाशीच बोलत नसे.

आम्ही दोघं सौदीला जोडीच्या व्हिसावर गेलो होतो. नवरा ड्रायव्हर आणि मी घरकामाला, असा एकच व्हिसा असतो. थुवालला समुद्राजवळ कफीलचा मोठा बंगला होता. त्याच्या मागच्या अंगणात एका टोकाला आमची खोली, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड. शेडमध्ये चाचा राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, होड्या बांधणारे मिस्त्री. आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणून त्यांची बोली ऐकली की मला बरं वाटायचं. त्यांचं खरं नाव कागदांवर होतं, पण अंगणात कोणी ते घेत नसे. कफील त्यांना मिस्त्री म्हणे आणि आम्ही चाचा.

पंचवीस वर्षं ते सौदीत कफीलच्या बापासाठी मासेमारीच्या लाकडी होड्या बांधत होते. मग फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाचं काम संपलं. कफीलने त्यांना काढलं नाही. दारं, कपाटं, जे पडेल ते करत बसले. आणि मग एक दिवस कफील एक जाड पुस्तक घेऊन शेडमध्ये आला.

कफीलला विमानांचा नाद होता. लहान विमानं आणायचा आणि हातातल्या रिमोटने वाळवंटात उडवायचा. त्या पुस्तकात एका जुन्या विमानाची चित्रं होती, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी गोऱ्यांनी बांधलेल्या. त्याला चाकंच नव्हती. ते समुद्रावरून उठायचं आणि समुद्रावरच उतरायचं. पोट होडीचं, वर एकावर एक असे दोन मोठे पंख आणि दोन पंखांच्या मध्ये दोन इंजिनं. पंख लाकडाच्या सांगाड्यावर कापड शिवून केलेले.

कफील म्हणाला, "मिस्त्री, ये बनाओ. सातवां हिस्सा. पानी से उडेगा."

चाचांना वाचता येत नव्हतं, कुठलीच भाषा. पण चित्र ते असं बघत, जसं आपण ओळखीच्या माणसाचा फोटो बघतो. कफीलने वाचून सांगितलं की त्या काळी विमान बांधणाऱ्यांनी खालची होडी स्वतः बांधली नाही, होड्या बांधणाऱ्या मिस्त्र्यांकडून बांधून घेतली. हे ऐकल्यावर चाचांनी पान बोटाने दोनदा ठोकलं.

"बरोबर केलं. इमानवाल्यांना पाणी काय कळणार?"

त्या दिवसापासून ते तिला विमान म्हणाले नाहीत. होडीच म्हणायचे. नुसतं 'ती'. नवऱ्याला कधी कळायचंच नाही, चाचा होडीविषयी बोलतात की माझ्याविषयी.

मी त्या कामात ओढली गेले ती पंखांमुळे. चाचांनी मांजरपाट आणून तराजूत घातला आणि कफीलकडे परत पाठवला. मग मलमल आली. ती पंखाच्या प्रत्येक फासळीला बोटाबोटावर टाके घालून बांधायची होती, म्हणजे वाऱ्याने कापड फुगून सुटणार नाही. चाचांनी टाका दाखवायला सुरुवात केली, नवऱ्याला. मी बाजूला उभी. नवऱ्याला काही जमेना.

"अहो," मी हळूच नवऱ्याला म्हटलं, "ही आपली जाळ्याची गाठ आहे."

चाचांनी ऐकलं. "तिला विचार, येते?"

"चाचा, ती इथेच उभी आहे."

"तू विचार."

"येते का?" नवऱ्याने मला विचारलं.

"येते," मी नवऱ्याला सांगितलं.

असंच आमचं बोलणं चालायचं, दोन हातांच्या अंतरावरून, नवऱ्यामार्फत. नवरा वैतागायचा. म्हणायचा, मला टेलिफोन करून ठेवलंय तुम्ही दोघांनी. पण मला ते सोपं वाटायचं, आणि चाचांनाही वाटत असावं. त्यांची बायको लवकर गेली होती. बायकांशी बोलायची सवय त्यांना राहिली नव्हती.

दीड महिना मी दुपारी घरातली कामं उरकून टाके घातले. मग कफीलने एक डबा आणला, उग्र वासाचा. ते पातळ रंगासारखं कापडावर ब्रशने लावायचं. मी लावलं आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर माझी ढिली मलमल ताठ झाली होती. कुठे सुरकुती नव्हती. चाचांनी वाकून बोटाने टिचकी मारली. डफासारखा आवाज आला.

"तिला सांग, ऐक म्हणावं."

मी ऐकलं. त्या रात्री मी नवऱ्याला तीनदा सांगितलं की ते कापड माझ्या हातचं आहे. तो म्हणाला, माहितीये, घरभर वास येतोय.

एकदा चाचांना वाटलं की आम्हाला त्या होडीचं खरं मोठेपण कळलेलं नाही. सातवा हिस्सा बघून कसं कळणार? त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. माझ्या नवऱ्याला एका जागी उभं केलं आणि तिथून पावलं मोजत निघाले, मी मागून. चाळीसच्या वर पावलं झाली. मग मला थांबवलं.

"पंखाचं एक टोक तू, दुसरं टोक ही," असं ते ओरडून नवऱ्याला म्हणाले. वारा होता, त्याला ऐकू गेलं नाही. तो आपला हात हलवत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. इतका लहान दिसत होता तो. मधली सगळी वाळू म्हणजे कापडाचा पंख आणि तसे दोन, एकावर एक. आणि कोणीतरी बायकांनी बसून ते सगळं टाके घालून शिवलेलं असणार. ते सगळं पाण्यावरून उठायचं! मी वर बघितलं. आकाश रिकामंच होतं, पण माझ्या अंगावर काटा आला.

चाचा म्हणाले, "उठायची म्हणजे काय, ह्या पाण्याला सोडायची. पाणी सोडत नाय कोणाला. पन्नास वर्षं बघतोय."

होडीचं पोट त्यांनी कसं केलं, ते मी दारातून बघायचे. पातळ फळ्या गरम पाण्यात भिजवून वाकवलेल्या. एक थर तिरका, त्याच्यावर तेल पाजलेलं कापड आणि दुसरा थर उलटा तिरका. रंधा मारून मारून तळ असा केला की हात ठेवला तर सरकायचा. त्यांच्याकडे होडी बघायला येणारे मच्छीमार आधी तळावरून हात फिरवायचे. तळाला कुठे खाच लागली, उंचसखल लागलं, तर त्या मिस्त्रीकडे परत कोणी जायचं नाही. चाचांच्या एकाही होडीला कधी खाच लागली नव्हती. हे त्यांनी नवऱ्याला इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही पाठ झालं होतं.

पहिली चाचणी एका शुक्रवारी सकाळी झाली, फज्रच्या नमाजानंतर. थुवालच्या दक्षिणेला समुद्र आत वळून एक शांत खाडी होते. पलीकडे मोठ्या विद्यापीठाच्या बांधकामाच्या क्रेन दिसत. कफीलने रिमोट धरला. दोन्ही इंजिनं किंचाळली. चाचा धक्क्यावर पालथे झोपले, हनुवटी काँक्रीटवर, डोळे पाण्याच्या पातळीला. मी गाडीत काच वर करून बसले होते.

होडी धावली. नाक वर करून पाणी दोन्हीकडे उडवत गेली, फार सुंदर गेली, पण उठली नाही. खाडीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन थांबली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"वजन," चाचा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आतलं लाकूड खरवडून काढलं. मग व्हर्निशचा एक थर घासून काढला. मग कफीलने जास्त ताकदीची इंजिनं मागवली. शुक्रवार गेले. दरवेळी ती जोरात धावायची आणि पाण्याला चिकटून राहायची, जणू कोणी खालून धरून ठेवलंय.

त्याच महिन्यात चाचांचा कायमचं परत जायचा, एक्झिटचा कागद आला. वय झालं होतं, इकामा पुढे वाढणार नव्हता. कफीलने प्रयत्न केला, पण झालं नाही. तिकीट काढलं गेलं, शनिवारचं.

त्याहून वाईट म्हणजे कफीलचा धीर संपला. पाचव्या शुक्रवारी त्याने रिमोट नवऱ्याच्या हातात दिला. "खलास. बहुत खूबसूरत है, लेकिन उडेगा नहीं. मजलिस में टांग देंगे."

मजलिस म्हणजे त्याची बैठकीची खोली. छताला झुंबरं होती, त्यांच्या मधोमध तो तिला टांगणार होता. चाचा गाडीत मागे माझ्या शेजारी होडीचा पंख धरून बसले होते. वाटेत एकदाच म्हणाले, "दिव्यासारखी?"

दुपारी जेवले नाहीत. मी भात आणि सुकटीचं कालवण नवऱ्यासोबत पाठवलं, ते तसंच परत आलं. चाचांना जायचं दुःख नव्हतं. घरी मुलगा, नातवंडं, सगळं होतं. त्यांना एकदा ती पाण्यावरून सुटलेली बघायची होती आणि दोन शुक्रवार उरले होते. नवरा म्हणाला, "अगं, ते जाताना छातीवर दगड घेऊन जाणार."

मी जेवणाची थाळी धुवायला घेतली. ओट्याचा दगड गुळगुळीत आणि ओला. थाळी त्यावर पालथी टाकली ती चिकटून बसली. ओढली तर येईना. असं रोजच होतं. आपण बायका त्याचा विचार करत नाही. कडेखाली नख घालायचं, थोडी हवा आत गेली की थाळी आपोआप सुटते. मी नख घातलं, थाळी सुटली, आणि मी तिथेच उभी राहिले.

चार दिवस मी ते मनात ठेवलं. मी कोण सांगणारी? चौथी शिकलेली बाई, पन्नास वर्षं होड्या बांधलेल्या मिस्त्रीला. शेवटी मंगळवारी नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. "चल," म्हणाला.

शेडमध्ये चाचा होडी पुसत होते, टांगायच्या आधी. नवऱ्याने सुरुवात केली, "चाचा, ही काय म्हणते, थाळी..." आणि अडकला. त्याने आयुष्यात थाळी धुतली नव्हती. "थाळी चिकटते ना, ओट्याला, मग ही काय करते..."

"काय करते?"

"अगं, सांग ना तूच!"

मी जमिनीकडे बघून सांगितलं. खूप हळू सांगितलं असणार, कारण चाचा जवळ येऊन उभे राहिले. ओटा गुळगुळीत, थाळी गुळगुळीत. मध्ये हवा नाही म्हणून सुटत नाही. होडीचा तळही तसाच आहे. हवेला आत जायला जागाच नाही.

चाचांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग लाकडाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे घेतले. दोन्हींचा तळ सारखा कोरला. एकाच्या तळाला मध्यावर पटाशीने आडवी पायरी पाडली, म्हणजे मागचा अर्धा तळ बोटभर वर गेला. दोघांना दोऱ्या बांधल्या आणि कपडे धुवायच्या लांब हौदावर आले.

"तू ओढ," मला म्हणाले. मला, नवऱ्याला नाही.

गुळगुळीत तुकडा मी जोरात ओढला तर तो पाण्यात रुतून आला. पायरीवाला ओढला तर अर्ध्या हौदातच वर आला आणि टुणटुण उडत माझ्या हातावर येऊन आपटला. मी किंचाळले. चाचांनी परत ओढायला लावलं. परत तेच. दहा वेळा ओढायला लावलं असेल.

मग ते शेडमध्ये गेले आणि गादीखालून पुस्तकातलं ते पान काढून आणलं. कफीलने त्याची झेरॉक्स दिली होती. हौदाच्या काठावर पसरलं. होडीच्या पोटाच्या चित्रात तळाची रेघ पुढून येत होती, मध्यावर तुटत होती आणि जराशी वरून मागे जात होती. मला अगदी स्पष्ट दिसली.

"इथे तर आहेच, चाचा," नवरा म्हणाला.

"हाय." चाचांनी त्या जागी अंगठा ठेवला. "मी पहिल्या दिवशीच बघितली. म्हटलं, चित्र काढणाऱ्याचा हात हलला. कोण मिस्त्री होडीला खाच ठेवील? मी सरळ केली."

ते तसेच बसून राहिले. मला वाटलं रागावतील, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कधी न बघितलेल्या त्या गोऱ्या मिस्त्र्यांविषयी ते म्हणाले, "त्यांनी पण आधी सरळच बांधली असणार रे. मग कोणाच्या तरी छातीत खाच पाडायचं बळ आलं. केवढी माणसं असतील!"

कफीलला ते स्वतः जाऊन सांगून आले. नवरा नुसता सोबत होता. कफील तोपर्यंत छताला हुक लावून घेत होता, शिडीवर माणूस चढलेला. चाचांनी सांगितलं, चूक माझी आहे, चित्र बरोबर होतं, मी माझ्या शहाणपणाने बदललं. कफीलने पान हातात घेतलं. त्याच्याही लक्षात ते कधी आलं नव्हतं.

"पांच महीने, मिस्त्री," कफील म्हणाला. "पांच महीने!"

"हां."

"अब कितने दिन?"

"जुम्मे को नहीं. अगले जुम्मे को."

"शनिवार को तुम्हारा टिकट है."

"मालूम है."

कफीलने शिडीवरच्या माणसाला खाली उतरायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी हातपाय धुऊन वजू केला, शेडमध्ये दोन रकात नमाज पढले आणि होडी उलटी केली. तो गुळगुळीत तळ वर आला. त्यावरून एकदा हात फिरवला आणि करवत ठेवली. नवरा म्हणतो, पहिल्या ओढीला त्यांनी डोळे मिटले होते. मी बघितलं नाही, मी पाठ फिरवली होती. मला फक्त आवाज आला.

नऊ दिवस ते झोपले की नाही, माहीत नाही. मागचा अर्धा तळ पूर्ण काढून दोन बोटं वर नवा घातला. त्या पायरीच्या कडेला रंधा कमी आणि बोट जास्त फिरवलं. फळ्या वाकवायला गरम पाणी मी तापवून देत होते. त्या दिवसांत आमच्यामध्ये टेलिफोन नव्हता. "गो पोरी, पाणी," म्हणायचे आणि मी द्यायचे. वजन कोणाला विचारलं नाही, एवढं मात्र खरं.

शेवटच्या शुक्रवारी खाडीवर वारा अगदी थोडा होता. चाचांची बॅग बांधून झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेद्दाहून विमान होतं. मी गाडीतच बसणार होते. चाचा मागे वळून म्हणाले, "तू पण ये. पंख तुझे हायत."

मी धक्क्यावर गेले. नवरा पाण्यात कमरेपर्यंत उतरून होडी धरून होता. कफील रिमोट घेऊन उभा, तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, दुआ असेल. चाचा पालथे झोपले, गाल काँक्रीटला लावून. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिले. परक्या पुरुषांसमोर मान वर करायची मला सवय नव्हती. मी खाली पाण्याकडेच बघत होते.

"यल्ला," कफील म्हणाला. नवऱ्याने सोडली.

आधी नेहमीसारखीच गेली, नाक वर, दोन्हीकडे पाणी.  मग काहीतरी बदललं. आवाज तोच होता, पण उडणारं पाणी कमी झालं. ती मागून हलकी झाली, पाण्यावर जणू चवड्यांवर धावायला लागली. मागे फेसाची एक पांढरी रेघ उरत होती, आधी हातभर रुंद, मग वीतभर, मग बोटाएवढी, मग दोऱ्याएवढी.

आणि ती रेघ संपली. पुढे नुसतं निळं पाणी होतं.

कफील ओरडला, "अल्लाहू अकबर!" नवरा पाण्यात उड्या मारत होता. त्यांच्या माना वर होत्या, डोक्यावरून इंजिनांचा आवाज फिरत गेला. चाचा हलले नाहीत. पालथेच पडून त्या रेघेच्या टोकाकडे बघत होते. फेस विरत होता.

"पोरी," त्यांनी मान न वळवता विचारलं, "कुठे तुटली, बघितलंस?"

"बघितलं, चाचा." मी हात लांब करून दाखवलं. "तिथे. त्या तिसऱ्या क्रेनच्या समोर."

"तिथेच," ते म्हणाले. "मला पण तिथेच दिसली."

फेस पूर्ण विरून पाणी सपाट होईपर्यंत ते बघत राहिले. मग हात टेकून उठून बसले, लुंगीवरची वाळू झटकली आणि वर बघितलं.